एकदाच म्हणता येणारा मंत्र: जुन्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधील जादूचे परीक्षण

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांत जादू कशी चालावी, याचा जो साचा आज जगभर रूढ आहे तो मुख्यतः दोन पुस्तकांनी घालून दिला. एक १९७८ सालचे 'प्लेयर्स हँडबुक' आणि दुसरे १९७९ सालचे 'डंजन मास्टर्स गाइड'. दोन्ही गॅरी गायगॅक्स यांनी लिहिली आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून टीएसआर कंपनीने प्रसिद्ध केली. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली तीन पातळ पुस्तिकांच्या रूपात आला होता. त्यातले नियम त्रोटक होते आणि प्रत्येक गट ते आपापल्या परीने लावत असे. तो सगळा पसारा शिस्तीत बांधावा म्हणून 'अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स' ही मालिका निघाली आणि ही दोन पुस्तके तिचा कणा ठरली. लढाईचे नियम, वंश, पेशे, अक्राळविक्राळ प्राणी या सगळ्यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी इथे मंत्र आणि जादूच्या वस्तू एवढ्यापुरतेच लिहिणार आहे, कारण माझ्या मते या पुस्तकांची थोरवी तिथेच आहे आणि नंतरच्या आवृत्त्यांनी सर्वांत जास्त गमावले तेही तिथेच.

खेळ ज्यांना अजिबात ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम होतो; जग, तळघरे, शत्रू आणि खजिना त्याच्या ताब्यात असतात. बाकीचे खेळाडू एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी पुरोहित, कोणी चोर, कोणी मांत्रिक, आणि आपले पात्र काय करते ते तोंडी सांगतात. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकले जातात. पात्राला अनुभवाचे गुण मिळत जातात तशी त्याची पातळी वाढते. पुढचे सगळे विवेचन या मांडणीवर उभे आहे.

या जादूचा मूळ नियम एकच आहे. मांत्रिक सकाळी आपली मंत्रांची वही उघडून ठरावीक मंत्र पाठ करतो, आणि मंत्र एकदा उच्चारला की तो स्मृतीतून पुसला जातो. तोच मंत्र दोनदा लागणार असेल तर तो दोनदा पाठ करावा लागतो. ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या कथांतून, विशेषतः १९५० साली प्रसिद्ध झालेल्या 'द डाइंग अर्थ'मधून आली आणि गायगॅक्स यांनी ते ऋण उघडपणे मान्य केले आहे. अनेकांना हा नियम कृत्रिम वाटतो. काल म्हटलेला मंत्र आज आठवू नये, हे कसे, असा प्रश्न नवा खेळाडू हमखास विचारतो. मला मात्र हा नियम या खेळातला सर्वांत कल्पक निर्णय वाटतो. त्यामुळे मांत्रिकाची खरी परीक्षा लढाईत होत नाही, ती सकाळी, पुढे काय वाढून ठेवले आहे हे माहीत नसताना होते.

पहिल्या पातळीचा मांत्रिक पाहा. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती घाव सोसून तो जिवंत राहील याचा आकडा, चार बाजूंच्या एका फाशावर ठरतात, म्हणजे साधारणपणे एक ते चार. चिलखत त्याला वर्ज्य. आणि दिवसाला मंत्र एकच. वहीत काय असेल तेही त्याच्या हातात नसते. 'रीड मॅजिक' हा मंत्र प्रत्येकाला मिळतो, पण त्यासोबत एक हल्ल्याचा, एक बचावाचा आणि एक इतर असे तीन मंत्र फासे टाकून ठरतात. नशिबाने 'स्लीप' आला तर तो गटाचा तारणहार होतो, कारण सर्वांत कमकुवत वर्गातले चार ते सोळा शत्रू एका दमात झोपतात आणि त्यांना बचावाचा फासा, ज्याला खेळाडू सेव्हिंग थ्रो म्हणतात, टाकण्याची मुभाही नसते. त्याउलट 'मॅजिक मिसाइल' पहिल्या पातळीवर एकच बाण सोडतो. तो कधी चुकत नाही, पण नुकसान दोन ते पाच एवढेच करतो. कागदावर दोघेही पहिल्या पातळीचे मंत्र आहेत (मंत्रांच्या पातळ्या पात्राच्या पातळीहून वेगळ्या मोजल्या जातात), आणि दोघांत इतका मोठा फरक ठेवणे हा समतोलाचा दोष आहे असे म्हणता येईल. मला तो दोष वाटत नाही. ज्याला 'स्लीप' मिळाला नाही त्याला 'चार्म पर्सन'सारख्या मंत्राने वेगळ्या वाटेने जगायला शिकावे लागते, आणि दोन मांत्रिक एकमेकांपासून वेगळे होतात ते असेच.

'चार्म पर्सन'बद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण या पुस्तकांची लेखनपद्धती त्यात चांगली दिसते. हा मंत्र माणसाला किंवा माणसासारख्या प्राण्याला मांत्रिकाचा जिवलग मित्र बनवतो. तो किती काळ टिकतो? उत्तर त्या प्राण्याच्या बुद्धीवर अवलंबून आहे. बुद्धी तीन किंवा त्याहून कमी असेल तर मंत्रातून सुटण्याची पुढची संधी तीन महिन्यांनी मिळते; दहा ते बारा असेल तर तीन आठवड्यांनी; अठरा असेल तर दोन दिवसांनी; एकोणीस किंवा अधिक असेल तर दुसऱ्याच दिवशी. या एका छोट्या कोष्टकातून डीएमच्या हाती केवढे कथानक येते! मंदबुद्धी पहारेकऱ्याला वश केले तर तो ऋतू पालटेपर्यंत आपला. चलाख मंत्र्याला वश केले तर परवा सकाळी त्याच्या डोक्यात पहिली शंका येऊ शकते, आणि तोवर खेळाडूंना काम उरकून निसटायचे असते. मंत्राच्या वर्णनात एकही नाट्यमय वाक्य नाही. नाट्य आकड्यांत आहे.

लढाईतल्या मंत्रांचीही हीच तऱ्हा आहे. या खेळात लढाईची एक फेरी एक मिनिटाची असते आणि तिचे सहा-सहा सेकंदांचे दहा भाग पाडलेले असतात. प्रत्येक मंत्राला किती भाग लागतात ते लिहिलेले असते, आणि तेवढ्या वेळात मांत्रिकाला घाव बसला तर मंत्र वाया जातो आणि स्मृतीतूनही जातो. त्यामुळे योद्ध्यांनी मांत्रिकापुढे भिंत करून उभे राहणे ही केवळ शोभा राहत नाही, तो डावपेच होतो. मोठा मंत्र म्हणायचा की पटकन उरकणारा छोटा, हा प्रश्न दर फेरीला नव्याने पडतो.

आता 'फायरबॉल'. हा तिसऱ्या पातळीचा मंत्र कोणाला ठाऊक नाही? मांत्रिकाच्या पातळीइतके सहा बाजूंचे फासे टाकायचे आणि येईल तेवढे नुकसान. पण मूळ वर्णनात एक वाक्य असे आहे की ज्याने हा मंत्र शस्त्राऐवजी भूमितीचा प्रश्न बनतो. स्फोट उघड्यावर गोलाकार होतो, बंद जागेत मात्र जागेचा आकार घेतो आणि आपले एकूण घनफळ, सुमारे ३३,००० घनफूट, भरून काढतोच. हिशेब करून पाहा. तळघरातला मार्ग दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच असेल तर त्याच्या दर फुटाला शंभर घनफूट जागा मिळते, म्हणजे आगीला ३३० फूट लांबी लागते, दोन्ही दिशांना १६५ फूट. पाचव्या पातळीच्या मांत्रिकाचा या मंत्राचा पल्ला घराच्या आत १५० फूट आहे. म्हणजे त्याने आपल्या पल्ल्याच्या अगदी टोकाला जरी मंत्र टाकला तरी अशा सरळ मार्गात ज्वाळा त्याच्यापर्यंत येऊन आणखी पंधरा फूट मागे जाते. पाच फाशांचे सरासरी नुकसान साडेसतरा. पाच चार-बाजूंच्या फाशांवर उभ्या असलेल्या मांत्रिकाचे सरासरी हिट पॉइंट साडेबारा. वर या आगीत सोने, चांदी, तांबे वितळते, म्हणजे ज्याच्यासाठी उतरलो तो खजिनाही धोक्यात.

आमच्या गटात हा हिशेब पहिल्यांदा झाला तेव्हा टेबलावर कागद, पेन्सिल आणि फूटपट्टी आली, मार्गाच्या बाजूच्या दोन खोल्यांची दारे उघडी आहेत का यावर खल झाला, आणि शेवटी चोराला पुढे पाठवून ती दारे आधी उघडून ठेवावीत, म्हणजे आगीला पसरायला जागा मिळेल, असे ठरले. मंत्राआधीची ती पंधरा मिनिटे मला प्रत्यक्ष स्फोटापेक्षा जास्त रंगलेली आठवतात. 'लाइटनिंग बोल्ट'मध्येही असाच सापळा आहे. विजेच्या रेषेची लांबी ठरलेली असते, आणि ती पूर्ण व्हायच्या आत भिंत आली तर वीज उलट फिरून मांत्रिकाच्या दिशेने येते. सराईत खेळाडू याचा फायदा घेऊन एकाच शत्रूवर वीज दोनदा नेतात. नवखा स्वतःच होरपळतो. नंतरच्या आवृत्त्यांनी ही दोन्ही कलमे काढून टाकली आणि मंत्र सुरक्षित केले. खेळ वेगवान झाला हे खरे, पण फूटपट्टी टेबलावरून गेली.

मंत्रांना लागणाऱ्या सामग्रीबद्दल मतभेद आहेत. बरेच गट हा भाग सोडून देतात. मी तो सोडू नये या मताचा आहे. 'फायरबॉल'ला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक यांची गोळी लागते. वटवाघळाच्या विष्ठेतून सोरा मिळतो आणि सोरा व गंधक हे बंदुकीच्या दारूचे घटक आहेत, हे कळले की गायगॅक्स यांचा मिस्कीलपणा लक्षात येतो. 'लाइटनिंग बोल्ट'ला केसाळ कातड्याचा तुकडा आणि काचेची, स्फटिकाची किंवा अंबरची कांडी लागते, म्हणजे शाळेत घर्षणविद्युत शिकवताना करतात तोच प्रयोग. 'स्पायडर क्लाइम्ब'साठी डांबराचा थेंब आणि जिवंत कोळी, दोन्ही गिळायचे असतात. या सामग्रीने दोन गोष्टी साधतात. मांत्रिकाची पिशवी भरण्यासाठी खेळाडूला गावात, रानात, गुहांत हिंडावे लागते. आणि कैदेत पडलेल्या मांत्रिकाची झडती घेतली की त्याचे बळ निम्मे होते. पहारेकरी ज्याला कचरा समजून फेकतात तीच गोष्ट परत कशी मिळवायची, यावर एक संपूर्ण बैठक रंगू शकते.

भारतीय वाचकाचे लक्ष एका मंत्राकडे वेधले पाहिजे. दुसऱ्या पातळीवर 'रोप ट्रिक' नावाचा मंत्र आहे. मांत्रिकाने मंत्र म्हटला की दोराचे टोक आपोआप वर जाऊन हवेतच कुठेतरी अडकते आणि तो आणखी पाच जणांना घेऊन दोरावरून चढून दिसेनासा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पाश्चात्त्य देशांत भारतीय दोरीच्या जादूच्या ज्या कथा पसरल्या, त्यांचा हा थेट वारस आहे. गायगॅक्स यांनी त्या कथेला उपयुक्त रूप दिले: वर चढलेली माणसे एका वेगळ्याच मितीतल्या पोकळीत लपतात, आणि मंत्राची मुदत संपायच्या आत उतरली नाहीत तर तेवढ्या उंचीवरून खाली कोसळतात. शत्रूंनी पाठलाग केला असता श्वास घ्यायला याहून चांगली जागा या पातळीला मिळत नाही. भारताशी दुसरा दुवा १९७७ सालच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधल्या राक्षसाचा. वाघाचे तोंड, ओढायला तंबाखूचा पाइप असे त्याचे चित्र आहे. आठव्या पातळीच्या खालचा एकही मंत्र त्याला बाधत नाही, पण पुरोहिताने अभिमंत्रित केलेला क्रॉसबोचा बाण लागला की तो मरतो. आपल्या पुराणांतल्या राक्षसाशी त्याचे नावापलीकडे फारसे नाते नाही आणि त्या दृष्टीने ही नोंद उथळ आहे. मात्र मंत्रावर विसंबलेल्या गटाला कोड्यात टाकणारा शत्रू म्हणून ती उत्तम चालते.

मोठ्या मंत्रांची किंमत आयुष्याने मोजली जाते, हा या पुस्तकांचा आणखी एक विशेष. 'हेस्ट' मंत्राने गटाची चाल आणि वार दुप्पट होतात, पण प्रत्येकाचे वय एका वर्षाने वाढते. मेलेल्याला उठवणारा 'रिझरेक्शन' पुरोहिताची तीन वर्षे घेतो, दुसऱ्या लोकाचे दार उघडणारा 'गेट' पाच वर्षे घेतो. नवव्या पातळीचा 'विश', म्हणजे मागाल ते देणारा मंत्र, तीन वर्षे घेतो आणि त्यातला शब्दन् शब्द तपासला जातो. पुस्तकातच एक उदाहरण आहे: अमुक एक जण मरावा अशी इच्छा व्यक्त केली तर डीएमने मांत्रिकालाच अशा भविष्यकाळात नेऊन सोडावे की जिथे तो माणूस आधीच मेलेला आहे. हिरण्यकशिपूच्या वरदानाची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या खेळाडूंना हा न्याय समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे 'विश'चा मसुदा कागदावर लिहून, त्यातल्या प्रत्येक पदाची छाननी करून मगच डीएमच्या हातात दिला जातो.

टेन्सरची तरंगती तबकडी, बिग्बीचे हात, मॉर्डेनकायनेनचे मंत्र ही नावे कुठून आली, तर ती पहिल्या खेळाडूंच्या पात्रांची नावे आहेत. मॉर्डेनकायनेन हे स्वतः गायगॅक्स यांचे पात्र, टेन्सर त्यांच्या मुलाचे. पुढे खेळणाऱ्याला हे ठाऊक नसले तरी काही बिघडत नाही, पण आधी कोणीतरी या जगात वावरून गेले आहे हा भास त्या नावांनी होतो.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार मांडणीची. मंत्र पेशांनुसार आणि पातळीनुसार लावले आहेत, आणि एकच मंत्र दोन पेशांना असेल तर दुसऱ्या ठिकाणी पहिल्याकडे बोट दाखवून काम भागवले आहे. त्यात भर म्हणून अनेक मंत्रांचे आवश्यक खुलासे 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये वेगळ्या प्रकरणात आहेत. ऐन लढाईत डीएमला दोन पुस्तकांत तीन ठिकाणी बोटे घालून बसावे लागते. टंक बारीक आणि वाक्ये लांबलचक, आडवळणी; इंग्रजीचा चांगला सराव असलेल्यालाही काही परिच्छेद पुन्हा वाचावे लागतात. दुसरी तक्रार आभास निर्माण करणाऱ्या मंत्रांची. 'फँटॅझमल फोर्स'ने उभे केलेले दृश्य शत्रूला खरे वाटले तर इजा होते, पण तो विश्वास केव्हा ठेवतो आणि केव्हा संशय घेतो, याचे नियम इतके मोघम आहेत की भांडणे ठरलेलीच. तिसरी तक्रार पुरोहिताची. त्याच्या पहिल्या पातळीच्या यादीत चांगले मंत्र आहेत, पण जखमी गटापुढे जखमा भरणारा 'क्युअर लाइट वूंड्स' सोडून दुसरे काही पाठ करणे म्हणजे सोबत्यांचा रोष ओढवून घेणे. त्यामुळे त्या यादीचा बराचसा भाग वाचनापुरता राहतो. नवव्या पातळीचे मंत्र अठराव्या पातळीच्या मांत्रिकाला मिळतात आणि बहुतेक गट तिथवर पोचत नाहीत, तेव्हा ती पानेही कौतुकाने वाचण्यापुरतीच.

जादूच्या वस्तूंकडे वळताना 'आयडेंटिफाय' हा मंत्र दाराशी उभा आहे, आणि तो मला या सगळ्या रचनेची किल्ली वाटतो. सापडलेली वस्तू काय आहे हे ओळखण्यासाठी मांत्रिकाने किमान शंभर सुवर्णनाण्यांचा मोती आणि घुबडाचे पीस वाइनमध्ये भिजवून ते प्यायचे, एक छोटा जिवंत मासा अख्खा गिळायचा, आणि मंत्रानंतर प्रकृतीचे आठ गुण तात्पुरते गमवायचे. एवढे करूनही यशाची खात्री नाही. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत थोड्या विश्रांतीच्या काळात वस्तू हातात धरून बसले की तिचे गुणधर्म कळतात. या दोन नियमांमधले अंतर म्हणजे दोन वेगळे खेळ आहेत. जुन्या खेळात वस्तू ओळखणे महाग आहे, म्हणून खेळाडू ती वापरून, चाखून, चाचपून पाहतात.

उदाहरण म्हणून औषधी द्रव्ये, ज्यांना खेळाडू पोशन म्हणतात, घ्या. कुपीवर चिठ्ठी नसते. एक घोट चाखून अंदाज बांधता येतो, पण विषही असू शकते, आणि 'डिल्यूजन' नावाचे द्रव्य तर आपण दुसरेच कुठले तरी उपयोगी द्रव्य प्यालो आहोत असा भ्रम निर्माण करते. उडता येते असे समजून कड्यावरून पाऊल टाकणाऱ्याचे काय होते ते सांगायला नको. शिवाय एका द्रव्याचा परिणाम चालू असताना दुसरे प्यायले तर शंभराच्या फाशावर एक कोष्टक पाहायचे. एक आकडा आला तर पोटात स्फोट. शंभर आला तर दोन्हींपैकी एका द्रव्याचा परिणाम कायमचा. मध्ये विष, निष्फळता, अर्धवट परिणाम असे सगळे. मला या ग्रंथातले हे सर्वांत यशस्वी कोष्टक वाटते, कारण मरणाच्या दारात असलेल्या योद्ध्याला दुसरी कुपी पाजायची की नाही हा निर्णय त्याने खरोखर जड होतो.

'बॅग ऑफ होल्डिंग' ही थैली बाहेरून लहान आणि आतून प्रशस्त. 'पोर्टेबल होल' हे घडी घालता येणारे कापड, पसरले की खोल खड्डा होतो. दोन्ही वस्तू सोयीच्या आहेत, आणि लेखकाने दोघींना एकत्र आणण्याचे परिणाम लिहून ठेवले आहेत. थैली खड्ड्यात ठेवली तर अवकाशाला चीर पडून दोन्ही कायमच्या नाहीशा होतात; खड्डा थैलीत घातला तर दुसऱ्या लोकाचे दार उघडते आणि दहा फुटांतले सगळे जण आत ओढले जातात. हे वाचल्यावर अनेक गटांनी ती जोडी शेवटचे अस्त्र म्हणून राखून ठेवली आहे. अजिंक्य वाटणाऱ्या शत्रूसोबत स्वतःलाही अज्ञात लोकात नेणारा योद्धा आमच्याही खेळात होऊन गेला. आणि तशीच दिसणारी 'बॅग ऑफ डिव्हाउरिंग' ही थैली नसून एका अवाढव्य प्राण्याचे तोंड असते, हे त्याआधीच कळावे अशी प्रार्थना करावी.

कांड्यांमध्ये शक्तीचा साठा मोजका असतो, सापडताना ८१ ते १०० वापरांएवढा, आणि तो किती उरला आहे ते डीएमच जाणतो. 'वाँड ऑफ वंडर' तर काय करील हे कोणीच सांगू शकत नाही: शत्रूवर वीज पडेल, पाऊस येईल किंवा सहाशे मोठी फुलपाखरे उडून सगळ्यांचीच, कांडीवाल्याचीसुद्धा, दृष्टी झाकतील. जादूच्या तलवारींपैकी साधारण चौथा हिस्सा बुद्धिमान असतो. अशा तलवारीला बुद्धी, अहंकार आणि स्वतःचे ध्येय असते, आणि तिचे व्यक्तिमत्त्व धारकापेक्षा भारी ठरले तर तलवारच माणसाला चालवते. योद्ध्याच्या भूमिकेत रंगत नाही अशी ज्यांची तक्रार असते त्यांना मी आधी ही पाने वाचायला सांगतो.

वस्तूंच्या याद्यांत शेवटी दोन रकाने आहेत आणि ते सहज नजरेतून सुटतात. एकात वस्तू जवळ ठेवल्यास मिळणारे अनुभवाचे गुण, दुसऱ्यात विकल्यास मिळणारी सुवर्णनाणी. या खेळात एका नाण्याला एक गुण मिळतो, त्यामुळे जखम भरणारे पोशन ठेवले तर २०० गुण, विकले तर ४००. 'बॅग ऑफ होल्डिंग' ठेवली तर ५,०००, विकली तर २५,०००. म्हणजे उपयोगी वस्तू हाताशी असावी की पातळी लवकर वाढावी, हा प्रश्न प्रत्येक मोहिमेनंतर गटाला सोडवावा लागतो. दोन ओळींच्या नियमाने एवढा वाद पेटवणारे दुसरे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

शापित वस्तूंबद्दल मात्र माझे मत संमिश्र आहे. जिथे थोडी तरी खूण असते, विचारपूस करून, मुंगीच्या पावलाने पुढे जाऊन धोका ओळखता येतो, तिथे शाप खेळ खुलवतो. गळ्यात घातल्याबरोबर आवळत जाऊन जीव घेणारा हार किंवा हातात थोडा वेळ धरला की किडा होऊन शरीरात शिरणारा 'स्कॅरब ऑफ डेथ' यांत खेळाडूच्या शहाणपणाला वावच उरत नाही. डीएमने अशा वस्तूंभोवती स्वतः खुणा पेराव्यात: आधीच्या धन्याचा सांगाडा, गावातली एखादी वदंता, पेटीवरचे ओरखडे. पुस्तक हे काम करत नाही.

'डेक ऑफ मेनी थिंग्ज' हा पत्त्यांचा जोड वेगळ्याच जातीचा आहे. बहुतेक वेळा त्यात तेरा पाने असतात, क्वचित बावीस. किती पाने ओढणार ते आधी जाहीर करायचे, मग माघार नाही. एका पानाने इच्छापूर्तीचे मंत्र मिळतात, दुसऱ्याने सगळ्या जादूच्या वस्तू नाहीशा होतात, तिसऱ्याने शरीर जागेवर राहते आणि आत्मा कुठेतरी अडकून पडतो. महिनोन्‌महिने चाललेली मोहीम एका संध्याकाळी उलटीपालटी होऊ शकते. ज्या डीएमला आपले कथानक जपायचे आहे त्याने हा जोड खजिन्यात ठेवू नये. ठेवला की कोणीतरी पान ओढणारच. दंतकथांतल्या एकमेवाद्वितीय वस्तू आणि अवशेष यांच्या बाबतीत, उदाहरणार्थ वेक्ना या खेळातल्या दुष्ट मांत्रिकाचा हात आणि डोळा, लेखकाने शक्तींच्या जागा कोऱ्या सोडल्या आहेत आणि डीएमने त्या कोष्टकांतून निवडून पेन्सिलीने भराव्यात असे सांगितले आहे. पुस्तक विकत घेतलेल्या खेळाडूलाही त्या वस्तूचे रहस्य कळू नये याची ही तजवीज मला मनापासून आवडते.

खरेदीबद्दल. टीएसआर १९९७ साली विझार्ड्स ऑफ द कोस्टने घेतली, आणि २०१२ साली त्या कंपनीने या पुस्तकांच्या सुबक पुनर्मुद्रित आवृत्त्या काढल्या. त्यांच्या विक्रीतला काही भाग २००८ साली निधन पावलेल्या गायगॅक्स यांच्या स्मारकनिधीला गेला. अधिकृत पीडीएफ प्रतीही मिळतात आणि भारतातून घेणाऱ्यासाठी तो सोयीचा मार्ग आहे, कारण छापील जुनी प्रत मागवली तर टपालखर्चच जड पडतो. केवळ नियम समजून घ्यायचे असतील तर २००६ साली निघालेले 'ऑस्रिक' मोफत आहे. त्यात हेच नियम नीटनेटक्या भाषेत लावलेले आहेत, पण मूळ लेखकाचा आवाज त्यात नाही, आणि माझ्या दृष्टीने अर्धी मजा त्या आवाजात आहे.

मराठीत खेळणाऱ्या गटांना मी असे सुचवीन की मंत्रांची नावे इंग्रजीच ठेवावीत, बाकी सगळे कथन आणि बोलणे मराठीत करावे, आणि डीएमने आपल्या खेळाडूंच्या मंत्रांचे पल्ले, मुदती आणि सामग्री मराठीत छोट्या कार्डांवर उतरवून द्यावी. त्याने मांडणीचा जो दोष वर सांगितला तो बराचसा भरून निघतो. 'प्लेयर्स हँडबुक' गटातल्या प्रत्येकाने वाचावे. 'डंजन मास्टर्स गाइड' मात्र खेळाडूंनी वाचू नये असे लेखकाने प्रस्तावनेतच बजावले आहे आणि वस्तूंच्या प्रकरणापुरते तरी ते तंतोतंत पाळावे, कारण थैली कोणती आणि तोंड कोणते हे आधीच ठाऊक असलेल्याला त्यात हात घालताना काहीच वाटणार नाही. गटाला त्याची एकच प्रत पुरते, आणि ती डीएमच्या घरी असावी.